बाळाराम यांच्या नाटकाचे शून्य प्रयोग

बाळाराम गेले, तेव्हा आमच्या नाटकाचे शून्य प्रयोग झाले होते.

आज वर्ष झाले. भावना नंतर. आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने.

नाटक मी लिहिले. खाडीकाठचे एक आगरी घर, टाउनशिपसाठी जाणारी जमीन आणि सही करायला नकार देणारा बाप. दिग्दर्शनही माझेच.

बापाची भूमिका बाळाराम यांना दिली. ते बेलपाड्याचे. द्रोणागिरीतल्या एका गोदामात सुपरवायझर. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांना कायम पडदा ओढायला उभे करत. एकदा पडद्याच्या पुढे उभे राहायचे, एवढेच स्वप्न.

तीन वर्षे, दर रविवारी, पनवेलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी झाल्या. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

नाट्यगृहाची तारीख तीनदा मिळाली. तिन्ही वेळा मी रद्द केली.

तिसरी तारीख रद्द झाल्यावर अकराव्या दिवशी, कामावर असतानाच, हृदयविकाराचा झटका. वय चव्वेचाळीस.

वस्तुस्थिती संपली. आता कारणे.

पहिल्यांदा, दुसऱ्या अंकाची प्रकाशयोजना मनासारखी नव्हती.

दुसऱ्यांदा, पार्श्वसंगीत.

तिसऱ्यांदा, बाळाराम यांचा 'ह'.

हे नीट सांगायला हवे. पहिली दोन वर्षे मी तो त्यांना शिकवत होते. "'आमी' नाही, बाळाराम. आम्ही. ह ऐकू आला पाहिजे." ते चहाच्या सुट्टीतही भिंतीकडे तोंड करून "आम्ही, तुम्ही, आम्ही" घोकत बसायचे.

मग तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका तालमीत मला साक्षात्कार झाला की, खाडीकाठचा आगरी बाप पुस्तकी मराठीत बोलतो आहे आणि ते हास्यास्पद आहे. मी फर्मावले, आजपासून घरी बोलता तसे बोला.

"मॅडम, दोन वर्सं तुमी माज्या तोंडात ह कोंबला. आता तो बाहेर येत नाय!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी तारीख रद्द केली.

मराठीत डॉक्टरेट असलेल्या बाईने ही चूक करावी आणि शिक्षा त्यांना व्हावी. यावर माझ्याकडे बचाव नाही.

तिन्ही वेळा त्यांनी कामावर रीतसर रजेचा अर्ज दिला होता. कारण : नाटकाचा प्रयोग. तिन्ही वेळा तो मागे घेतला. तिसऱ्या वेळी त्यांच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारले, "अरे, तुझं नाटक खरंच आहे ना? की असंच?"

हे त्यांनी मला विनोद म्हणून सांगितले. मी विनोद म्हणूनच ऐकले.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक विचारले होते.

"मॅडम, नाटकाच्या खेळाला प्रयोग का म्हनतात?"

मी म्हणाले, "प्र उपसर्ग, युज् धातू. योजणे, जोडणे."

"तसं नाय. शाळेत सायन्सचा पन प्रयोग असायचा ना. तो चुकायचा. मंग सर बोलायचे, परत कर. म्हनून इचारलं."

मी त्यांना व्युत्पत्ती सांगितली होती. उत्तर दिले नव्हते.

ते गेल्यावर महिनाभराने त्यांच्या पत्नी, वैशालीताई, घरी आल्या. संहितेची प्रत परत करायला. समासात प्रत्येक पानावर माझ्या सूचना, बाळाराम यांच्या अक्षरात.

मी म्हणाले, "नाटक आता बंद करते आहे. ही भूमिका दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"मला पाठ हाय," त्या म्हणाल्या.

रोज स्वयंपाक करताना त्याच बाळाराम यांना समोरच्या पात्रांची वाक्ये द्यायच्या. तीन वर्षे.

"वैशालीताई, तो बाप आहे."

"मंग आई करा."

"तिसरा अंक कोसळेल. आणि तुम्ही कधी स्टेजवर उभ्याही राहिलेल्या नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, तेच अवघड गेले.

"ते तरी कुठं उभे राह्यले, मॅडम?"

मी बापाची आई केली. तिसरा अंक खरोखरच कोसळला. चार वेळा नव्याने लिहिला, तरी अजून एका बाजूला कललेला आहे.

या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, पनवेलमध्ये, पहिला प्रयोग आहे.

आणि मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी याआधी कुठेही लिहिलेले नाही.

वैशालीताई दुसऱ्या अंकात एक वाक्य हमखास गाळतात. उजव्या विंगेतला एक लाइट मध्येच लुकलुकतो. काल मी तो तीनदा जाऊन पाहिला. दुरुस्त करणारा म्हणाला, "मॅडम, लोक नाटक बघनार का लाइट?" मी त्याला झापले.

आज सकाळी मी नाटकाच्या ग्रुपसाठी मेसेज टाइप केला : "अपरिहार्य कारणास्तव रविवारचा प्रयोग पुढे ढकलण्यात येत आहे."

तो अजून तिथेच आहे. पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही.

'अपरिहार्य' म्हणजे जे टाळता येत नाही ते. आधीच्या तिन्ही मेसेजमध्ये मी हाच शब्द वापरला होता आणि तिन्ही वेळा तो खोटा होता. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत मी अशा शब्दाखाली लाल रेघ ओढते. नाटक जोवर माझ्या डोक्यात होते, तोवर ते निर्दोष होते. मला ते तसेच हवे होते. त्यासाठी मी एका माणसाची तीन वर्षे वापरली.

बाळाराम, तुमच्यासाठी आज फुले, फोटो, दिवा यातले काही नाही. क्षमाही मागत नाही. ती रविवारी, तुमच्या पत्नीला रंगमंचावर सोडून मी विंगेत गप्प उभी राहू शकले, तर मागेन.

बाकीच्यांना विनंती नाही, अट आहे. या पोस्टखाली हात जोडू नका. "भावपूर्ण" काही लिहू नका.

रविवारी येणार आहात की नाही, एवढेच लिहा. पूर्ण नावानिशी, होय किंवा नाही. "बघतो", "ट्राय करते" हे मी उत्तर धरणार नाही. तीन वर्षे मी बाळाराम यांना तेच सांगत होते.

मला लेखी उत्तरे हवी आहेत. आज संध्याकाळच्या आत. इतकी, की तो मेसेज पाठवायची मला लाज वाटेल.