उभ्या गाडीचा थरकाप

ती लाल स्पोर्ट्स गाडी गॅरेजच्या दारात आली ती तिघांनी ढकलत. आत स्टिअरिंगला दातांचे डॉक्टर, मागे घामाघूम झालेले रस्त्यावरचे तीन भले लोक. कानसेन दाराला टेकून चहा पीत उभा होता. हात लावायला काही तो पुढे झाला नाही.

"या," तो म्हणाला. "उतरलं का विमान?"

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. पस्तीस वर्षं तो एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून रोग सांगत आला होता. बहुतेकदा बरोबर सांगायचा. त्यामुळे ते नाव चिकटलं, आणि नावाबरोबर माजही. ज्यांना इंजिन ऐकता येत नाही, अशांना तो माणसांत धरत नसे. म्हणजे जवळजवळ कोणालाच धरत नसे. कॉम्प्युटर जोडून गाडी तपासणाऱ्यांना तो 'टायपिस्ट' म्हणायचा. स्वतःचा मेव्हणाही त्यातच मोडायचा. त्याचं गावाच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत गॅरेज होतं आणि तिथे इंजिनात धूर सोडून गळती शोधायचं एक यंत्र होतं.

"धुराने डास मारतात," एवढंच कानसेनाचं त्यावर मत होतं.

दातांचे डॉक्टर गाडीतून उतरले. उतरले म्हणजे काय, खड्ड्यातून वर यावं तसे आले. गाडी तेवढी बुटकी होती. ताशी अडीचशेच्या वेगाने पळू शकणारी ती वस्तू त्यांनी घर ते दवाखाना या दोन किलोमीटरसाठी घेतली होती. सिग्नल पाच. कानसेनाला हे सगळं ठाऊक होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं.

"पळताना काही तक्रार नाही हो," डॉक्टर म्हणाले. "हायवेला मख्खन. पण सिग्नलला उभी राहिली की अशी थरथरते, की आरसा हलतो. हळू चालवली तर गचके देते. आणि आज तर मधल्या चौकात बंदच पडली."

"शोरूमवाल्यांनी काय दिवे लावले?"

"प्लग बदलले, कॉइल बदलल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर आलं की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय. मग त्यांनी ते मोजणारा सेन्सरही बदलला."

"वा! ताप दिसला म्हणून थर्मामीटर बदलला." कानसेनाने उरलेला चहा एका घोटात संपवला. "ठेवून जा. चार दिवसांनी या."

गाडी चालू केल्यावर ती खरंच हुडहुडी भरल्यासारखी कापायला लागली. कानसेनाने बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. त्याचा हिशोब सरळ होता. कुठून तरी चोरून हवा आत शिरत असेल, नाहीतर पेट्रोल पुरेसं पोचत नसेल. चोरटी हवा फटीतून शिरताना शिट्टी वाजवते. त्याने पुढून ऐकलं, बाजूने ऐकलं, खाली वाकून ऐकलं. शिट्टी नव्हती. शिट्टी नाही म्हणजे फट नाही. म्हणजे पेट्रोल उडवणारे इंजेक्टर तुंबलेत. झालं निदान. पाच मिनिटं लागली. शोरूमच्या टायपिस्टांची त्याला मनापासून कीव आली.

सहा इंजेक्टर काढून, धुऊन, पुन्हा बसवायला अडीच दिवस गेले. त्याने चावी फिरवली. गाडी होती तशीच कापत होती.

मग त्याने पेट्रोलला शिव्या घातल्या आणि टाकी रिकामी करून नवं भरलं. फरक नाही. हवा आत सोडणारा थ्रॉटल उघडून चकाचक पुसला. फरक नाही. तेव्हा त्याने ही गाडी बनवणाऱ्यांची अक्कल काढली, आणि शेवटी डॉक्टरांची चालवायची पद्धत. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, आणा इकडे, दहा मिनिटांत धूर सोडून बघू." कानसेनाने फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली. बावीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून नोकरी केली होती आणि आता घरी शांतपणे बसायला तिला आवडायचं. गॅरेजमध्ये ती फार थांबत नसे. गाडी चालू होती, कानसेन बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. तिने डबा बाकावर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, ही एवढी शिट्टी कसली वाजतेय?"

"कुठली शिट्टी?"

"ही काय! डोकं उठतंय नुसतं."

"तुला इंजिनातलं काय कळतंय गं? आयुष्यभर 'हॅलो, हॅलो' केलंस."

"इंजिनातलं नाही कळत," ती म्हणाली, "शिट्टीतलं कळतं." पदर खोचून ती जवळ आली, मान तिरकी केली आणि मागच्या अंगाला बोट दाखवलं. "तिथून येतेय. त्या जाड पायपाखालून."

तिचं समाधान करावं म्हणून त्याने हात घातला. इंजिनामागे एक रबरी पाइप वळसा घेऊन खाली गेला होता. वळणाच्या पोटात, जिथे नजर पोचत नाही, तिथे त्याच्या बोटाला ओढ लागली. काहीतरी कातडी आत खेचत होतं. त्याने बोट दाबून धरलं. थरथर थांबली. इंजिन शहाण्या पोरासारखं गुरगुरायला लागलं. बोट काढलं, पुन्हा कापरं. दाबलं, शांत.

आता सगळं लख्ख दिसत होतं. गाडी पळते तेव्हा एवढी हवा आत जाते की नखाएवढ्या चिरेने काही बिघडत नाही. उभी असते तेव्हा हवेचं मुख्य दार जवळजवळ बंद असतं, इंजिन आतून जोरात ओढत असतं, आणि तेवढीशी चीरही त्याचं गणित विस्कटून टाकते. हे तो नवशिक्यालाही समजावून सांगू शकला असता. त्याने पुन्हा बोट काढलं; कान पायपापासून वीतभर अंतरावर होता, आणि शिट्टी अजूनही ऐकू येत नव्हती.

बायको त्याच्याकडे बघत होती.

"येतंय ना ऐकू?"

"न यायला काय झालं?"

"मग तिकडे तोंड करा. मी बोट ठेवते, काढते. वाजलं की सांगा."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "वाजलं. बंद. वाजलं. बंद." चारही बरोबर.

"थरथर ऐकून सांगताय तुम्ही," ती मागून म्हणाली. "मी शिट्टीचं विचारतेय."

कानसेनाने चावी फिरवून गाडी बंद केली. बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला. त्याच्या मनात जे आलं ते शोरूमवाल्यांबद्दल होतं: त्या गाढवांना निदान स्वतःला ऐकू येत नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. आपण कशाच्या जोरावर पाच मिनिटांत निकाल दिला?

पाइप बदलायला अर्धा तास लागला. डॉक्टर आले, गाडी चालू करून दिली. डॅशबोर्डवर त्यांनी आपला चष्मा ठेवून पाहिला, हलला नाही.

"कान आहेत हो तुमचे!"

कानसेन गप्प राहिला असता तरी चाललं असतं. बायको बाकावर बसून डब्याची झाकणं लावत होती. ती काही बोलणार नव्हती.

"कान हिचे," तो तिरसटपणे म्हणाला. "मी तीन दिवस तुमच्या गाडीचे नसलेले रोग बरे करत होतो. इंजेक्टर धुवायचं काही कारण नव्हतं."

डॉक्टर थोडे पुढे झुकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी एकदा शेजारचा चांगला दात काढला होता."

"आणि पेशंट?"

"गेला हसत. दोन दिवसांनी परत आला, तो मात्र हसत नव्हता."

असल्या माणसांच्या हाती लोक आपली तोंडं देतात, असं कानसेनाला वाटलं. पण गाडी रस्त्यावर काढताना त्याने पुढे होऊन त्यांच्यासाठी रहदारी अडवली, जे तो कोणासाठीच करत नसे.

कान तपासून घ्यायला तो दोन महिन्यांनी गेला, तेही बायको हट्टाला पेटली म्हणून. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली: खालचे, जाड आवाज शाबूत, वरचे, बारीक आवाज पार गेलेले. वर्षानुवर्षं गोंगाटात राहिलं की असंच होतं, असं त्या म्हणाल्या. "आधी नाही सांगायचं?" असं तो त्यांच्यावरच खेकसला. मशीन मिळालं तेव्हा त्याचा आकार, रंग, कानामागे बसायची तऱ्हा, सगळ्याला त्याने नावं ठेवली आणि ते खिशात टाकलं. गॅरेजला पोचल्यावर मात्र, कोणी बघत नाही असं पाहून, कानात घातलं.

कोपऱ्यात हवा भरायचा त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर चालू होता. त्याच्या नळीच्या जोडातून कोणीतरी तोंडाने वाजवावी तशी शिट्टी येत होती, एकसारखी.

त्याने बायकोला फोन लावला. "कॉम्प्रेसर वाजतोय."

"चार वर्षं झाली," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही विचारलंत, तुला कॉम्प्रेसरमधलं काय कळतंय."

कानसेनाने फोन खिशात टाकला, पाना शोधला आणि तोंडातल्या तोंडात कोणाला तरी शिव्या देत नळीचा जोड आवळायला बसला.