खिरापतीचा डबा

भांडुपच्या आमच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत एक मालवणी शिपाई होता. घंटा होईपर्यंत तो कोणाला पाण्याच्या पिंपाला हात लावू देत नसे. पायरीवर टेकलेली मुलगी दिसली की खेकसायचा, "उठ गो! ह्यां काय आजयेचां घर?" मुली त्याला आम्हा शिक्षिकांपेक्षा जास्त घाबरत.

नवरात्रात शाळेत भोंडला व्हायचा. गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायची, ओळखेल तिला पहिला वाटा. अर्धा अर्धा तास चालायचं ते, भर उन्हात. त्या वर्षी मात्र दुसरीतली एक काडीसारखी मुलगी रोज पहिल्या फटक्यात ओळखू लागली. बाकीच्या रडकुंडीला आल्या. डबे अंगणात आणायचा तो शिपाईच. त्याला विचारलं, तर म्हणाला, "माका काय म्हायत, बाई?"

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम घरून डबा आणला आणि कोणाच्याही हाती दिला नाही. आत वाटली डाळ होती. ती मुलगी गोंधळून त्याच्याकडेच बघत राहिली. शेवटी पुटपुटली, "लाडू?"

"बरोबर आसा!" तो दारातून ओरडला. येऊन त्याने माझ्या हातून डबा घेतला, झाकण उघडलं आणि मूठभर डाळ तिच्या ओंजळीत घातली. "सावकाश खा गो!" पुन्हा तेच खेकसणं.

मी रागवायला तोंड उघडलं खरं. पण मधल्या सुट्टीत त्या मुलीला कधी डबा खाताना पाहिलंय का, ते मला काही केल्या आठवेना.