पावणेसातची भवानी

नवऱ्याला तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. गोव्यातली त्याची कंपनी कारखाना लांब हलवत होती. सोबत जायचं तर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि घरी महिन्यातून एकदा यायचं, नाहीतर राजीनामा. आधीच माणूस पहाटे दुचाकी काढायचा तो अंधार पडल्यावर परतायचा. आता तेवढाही मिळणार नव्हता. मला ते अजिबात नको होतं, पण तोंडाने बोलले नाही, कामाला लागले.

घरचे काजू, घरीच भाजलेले. त्यांचं एक वेबपेज केलं आणि जाहिरात लावली. जाहिरात बघून लोक पुढे काही करतात की नुसतेच निघून जातात, हे मोजावं लागतं. त्याला कन्व्हर्जन ट्रॅकिंग म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते आपोआप जोडून देणारं टूल घेतलं. त्याने माझं पान वाचलं आणि विचारलं, 'ऑर्डर करा' हे बटण कुणी दाबलं की ते यश धरू का? म्हटलं, धर बाबा. खरं तर बटण दाबल्यावर नुसता तयार मेसेज उघडायचा, तो पाठवणं गिऱ्हाइकाच्या हातात. ही फट मला घाईत दिसली नाही.

जाहिरात कशी दिसते ते सासूबाईंना दाखवलं. सगळं आयुष्य आठवड्याच्या बाजारात काजू घेऊन बसलेली बाई. पहिल्या गिऱ्हाइकाला त्या कधी रिकामं परत पाठवायच्या नाहीत, परवडो न परवडो. दिवसाची पहिली विक्री, भवानी, झाली पाहिजे. त्यांनी मोबाइलला तोंड लावून 'गावठी काजूगर' म्हटलं, सगळ्यात वर आमची जाहिरात आली, आणि त्यांनी स्क्रीनला हात जोडले. मी हसले होते तेव्हा.

आणि टूलमध्ये रोज एक यश दिसायला लागलं. नवरा संध्याकाळी हेल्मेटसुद्धा खाली न ठेवता विचारायचा, "आज?" मी दाखवायचे. "रोज एक तरी आसाच मां," तो म्हणायचा. भट्टी कुठे घालायची, पॅकिंगला कुणाला बोलवायचं, जेवताना हेच. त्याचा चेहरा इतका मोकळा मी लग्नानंतर फार वेळा पाहिला नव्हता. खरे मेसेज मात्र दोनच आले होते, त्यातला एक माझ्या मावसबहिणीचा. "लोक बटण दाबतात, लिहायचा कंटाळा करतात," मी सांगितलं. त्याने ऐकलं. यातलं घरात मलाच कळतं ना.

बुधवारी दुकानात शेजारीण भेटली. "काय गो, तुझी जाहिरात माझ्या मोबाइलवर येता ती? आमच्या परड्यात काजीची झाडा, आणि आमकाच काजू विकतंस?" सगळे हसले. मी पण हसले, पण डोक्यात किडा शिरला. जिथून बटण दाबलं जातं तिथेच टूल जाहिरात जास्त दाखवायला लागतं, हे मी वाचलं होतं. घरी येऊन तपशील उघडला. ते दोन खरे मेसेज सोडले तर सगळी यशं आमच्याच तालुक्यातली, सगळी सकाळी पावणेसातच्या आसपासची.

गुरुवारी पावणेसातला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सासूबाईंनी देवाकडे दिवा लावला, मोबाइल घेतला, 'गावठी काजूगर' म्हणाल्या, जाहिरातीवर बोट ठेवलं, मग बटण दाबलं. मोबाइल कपाळाला लावला आणि बाजूला ठेवून दिला.

मी गुपचूप चुलीकडे गेले. तीन दिवस त्यांच्यावर धुसफुसत होते. आमटीत मीठ जास्त म्हणून बोलले, नळ चालू राहिला म्हणून बोलले. जे बोलायचं तेच तेवढं गिळलं. तीन दिवस गप्प बसले की झालं, तो घरी राहणार होता.

रविवारी दुपारी त्याने पडवीत बसून मोबाइलवर राजीनामा लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. "घरगुती व्यवसायात पूर्णवेळ लक्ष देणे आवश्यक असल्याने..." असं ऑफिसचं मराठी. सासूबाई कौतुकाने ऐकत होत्या. "बरा झाला. रोज गिरायक येताच आसा," त्या म्हणाल्या. त्याचा अंगठा पाठवायच्या खुणेवर गेला.

"रवा जरा," मी म्हटलं. "पाठवू नकात. ता रोजचा गिरायक म्हंजे आई."

तो आधी हसला. मग त्याने आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवाछपवी नव्हती.

"भवानी करतंय मी," त्या म्हणाल्या. "तू गेलस काय दिवो लावतंय आणि भवानी करतंय. दिवस रिकामो सुरू होव नये. तेका काय झाला?"

माझा तोल सुटला. "आई, तुमच्या भवानीवर हे नोकरी सोडूक निघाले."

"माका काय ठावक गो, ता मोजता म्हणान," त्या म्हणाल्या आणि मोबाइल लांब सरकवला.

त्याने मला विचारलं, "तुका कधी कळला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. "गुरुवारी," मी म्हटलं.

तो एकेक अक्षर पुसत राहिला. सगळं पुसून झाल्यावर आवाज न चढवता म्हणाला, "आवशीक ठावक नाय होता. तुका ठावक होता." ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तो बॅग घेऊन गेला. मी टूल नव्याने लावलं. पूर्ण पत्ता भरलेली ऑर्डर आली तरच यश, बटणाला काही किंमत नाही. रोज शून्य येत होतं, पण ते खरं होतं. सासूबाई दिवा लावून मोबाइल मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या. चार-पाच दिवस मी ते पाहिलं. मग मला राहवेना.

"आई, दाबा तुमी," मी म्हटलं. "आता ता मोजणा नाय."

"नको गो," त्या म्हणाल्या. "त्यान काय तो घराक येवचो नाय."