पुढे सरकवलेली ताटली

आमच्या सिंदीतल्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. पावाचे तुकडे ठेवलेली स्टीलची ताटली बाकांवरून हातोहात फिरते. मागून मनुका उकळून केलेला रस येतो. ज्याचे मन साफ नाही त्याने तुकडा न घेता ताटली शेजाऱ्याकडे सरकवायची, अशी जुनी रीत आहे. कोणी सरकवली तर तिकडे पाहायचे नाही, ही त्याहून जुनी रीत. ती मात्र कोणी पाळत नाही. सगळी मंडळी डोळे मिटून पाहत असते.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून आलेल्या एका उपदेशकाने आत्मपरीक्षेवर लांबलचक उपदेश केला. पुढच्या प्रभुभोजनाला आमच्या मंडळीचे पंच, निवृत्त मुख्याध्यापक, ताटलीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग स्नेहसंमेलनात ढाल देतात तशी दोन्ही हातांनी ती पुढे दिली. चष्मा काढून पुसला. इतके शोभिवंत पाप मी तोवर पाहिले नव्हते. उपासना सुटल्यावर लोक त्यांच्या नम्रतेची तारीफ करू लागले. सरांनी हात वर करून त्यांना थांबवले, पण सगळ्यांचे बोलून झाल्यावर.

मग त्यांच्या पत्नीने ताटली सरकवली, मग खजिनदाराने, मग गायनमंडळातल्या अर्ध्याअधिकांनी. तुकडा घेणारा निर्लज्ज दिसू लागला. पाळकीणबाई सोमवारी उरल्या पावाचा उपमा करू लागल्या.

हे सगळे करमणुकीचेच राहिले असते, पण एका रविवारी माझ्या आत्यानेही ताटली सरकवली. आत्या विधवा, आमच्याच घरी राहते. तापातसुद्धा तिने कधी प्रभुभोजन चुकवले नव्हते. त्या दुपारी ती जेवलीही नाही.

"काऊन घेतलं नाई, आत्या?"

"सरांसारखा माणूस घेत नाई, अन् मी घेऊ? मी कोण लागून गेली?"

"सर काय तुह्या पापाचे पेपर तपासतेत?"

"गमज्या नको करू, बाप्पा. मले वाटते, आता मी न घेताच मरीन."

हे ती रडत म्हणाली नाही, म्हणूनच मला बोचले. संध्याकाळी ती सरांकडे निघाली. करमणुकीच्या आशेने मीही गेलो.

सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. आत्याने सरळ विचारले, "सर, तुमच्याकडून काय झालं जी?"

"अहो बाई, मनुष्य म्हटला की पाप आलंच."

"ते तं आलंच. पण कोणतं?"

सरांनी मानवजातीच्या पतनापासून सुरुवात केली. चहा निवला तरी ते स्वतःपर्यंत पोचले नव्हते. शेवटी म्हणाले, "थोडक्यात, मी तेवढा योग्य नाही."

"कोणाएवढे?"

सरांनी पत्नीला आणखी चहा टाकायला सांगितले.

परतताना आत्या म्हणाली, "त्याईले एकही सांगता आलं नाई. माह्यं तं मले माहीत आहे."

ते मलाही माहीत होते. एका घरगुती प्रार्थनासभेत तिने जावेच्या मुलासाठी मोठ्याने प्रार्थना केली होती, की प्रभू त्याची दारू सोडव. तोवर ते कोणाला ठाऊक नव्हते. आमेन होईस्तोवर सगळ्यांना झाले. मुलाची ठरत आलेली सोयरीक मोडली, जावेने बोलणे टाकले. बाकीच्या बाया नळावर चहाड्या करतात, मी तर प्रार्थनाच केली, असे आत्या तेव्हापासून म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरवरून जावेच्या दारात सोडले. दार उघडेच होते, त्यामुळे सगळे ऐकू आले.

"ते प्रार्थना नव्हती," आत्या म्हणाली. "मले सांगाचंच होतं लोकाईले."

जाऊ म्हणाली, "आता कबूल करून काय होते? पोराचं तं गेलं."

"हो."

"बस. उभी नको राहू."

यापेक्षा जास्त काही झाले नाही. त्यांचे अजूनही जेवढ्यास तेवढेच बोलणे आहे.

पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला आत्या माझ्याच बाकावर होती. ताटली आली तेव्हा तिने डोळे मिटून तुकडा घेतला, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच बसून राहिली. मी मात्र चौफेर पाहत होतो. 'कोणतं?' हा प्रश्न एव्हाना गावभर झाला असावा, कारण सरांनीही घेतला, आणि ताटली झटकन पुढे दिली. खजिनदाराने मात्र सरकवली.

घरी येताना मी तिला ही बातमी पुरवली. "आत्या, सरांनी आज घेतलं बरं."

"मले काहाले सांगून राह्यला?"

"खजिनदारानं नाई घेतलं."

"अन् तू?"

"घेतलं ना."

"आपलं कोणतं आठवून?"

खजिनदाराची सगळी मला तोंडपाठ होती. माझे एक शोधेपर्यंत घर आले, आणि आत्या कुलूप उघडायला पुढे गेली.