तेजस्वी मेतरचे नॉब

श्रावणातलं ऊन आणि पाऊस सकाळपासून शिवाशिवी खेळत होते. वारा पश्चिमेचा, खारा, अंगाला चिकटणारा. वाळूत बांबूंवर जाळं पसरून तेजस्वी आणि तिचा बाप गुणाजी तांडेल फाटकं शिवत बसले होते. सर आली की होडीच्या ताडपत्रीखाली घुसायचं, ऊन पडलं की परत सुई हातात. परवा नारळी पुनव. दर्याला नारळ दिला की होड्या सुटणार.

"चेडवा, लक्ष खंय तुझा? शिवलेलाच परत शिवतस," गुणाजी म्हणाला.

लक्ष मंगेशच्या बोलण्यात अडकलं होतं. मंगेश म्हणजे वाडीच्या बेंजो पार्टीचा म्होरक्या, स्वतः ढोलावर. पार्टीतला बेंजोवाला गणपत गोव्याला बोटीवर नोकरीला गेला, सनईवाला त्याच्याही आधी. उरले ढोल-ताशे आणि कीबोर्डवर तेजस्वी; गेलेल्यांची वाद्यंही आता तिनेच वाजवायची. "सांजच्या प्रॅक्टिसीत जमला तर बरा. नाय तर सरळ डीजेक फोन करतंय," मंगेशने सांगून टाकलं होतं. वाडीचा नारळ आजवर भाड्याच्या डीजेमागून गेला नव्हता.

तेजस्वी भजनातली पेटी ऐकून ऐकून शिकली. पुढे मासळीची पाटी विकून परत येताना कानात इअरफोन घालून मोबाइलवर कीबोर्डचे धडे ऐकायची. लग्न होऊन शेजारच्याच मेतरांच्या घरात पडली, तेव्हा तिने नवऱ्याकडे दागिना नाही मागितला, जुना लॅपटॉप मागितला. गेल्या वर्षी तिने एक मिडी कंट्रोलर घेतला, वापरलेलाच. पट्ट्या थोड्या आणि नॉब भरमसाट. तो स्वतः आवाज काढत नाही, लॅपटॉपला नुसते हुकूम सोडतो. सनई, बेंजो, ट्रम्पेट, सगळी वाद्यं लॅपटॉपात. कुठल्या नॉबने आवाज वाढायचा, कुठल्याने धार चढायची, कुठल्याने घुमायचं, ते प्रत्येक वाद्याला आपणच जोडून द्यायचं. तेजस्वीने हौसेने सगळं जोडलं. मंगेश पहिल्यांदा बघून म्हणाला होता, "मेल्यानू, ह्या वाजवूचा की विमान उडवूचा?"

आणि पहिल्याच प्रॅक्टिसला विमान पडलं. सनई संपवून ती बेंजोवर आली, नॉबला बोट लावलं मात्र, आणि बेंजो असा किंचाळला की ताशेवाल्याच्या हातातली काठी सुटली. कारण साधं होतं. नॉब तेच, वाद्यं अनेक. सनईसाठी नॉब वर चढवलेला, बेंजोचा आवाज मात्र खाली बसलेला. हात लागताच आवाज एका उडीत नॉबच्या जागी जाऊन आदळायचा. तिने नॉबांवर नेलपॉलिशच्या खुणा केल्या, वाद्य बदलायच्या आधी सगळे नॉब मागे फिरवून बघितले. चालत्या गाण्यात एवढी उसंत कोणाला?

तिने हे सगळं बापाला सांगितलं. गुणाजीला लॅपटॉप कळत नव्हता, पण आदळणं कळलं.

"मगे तू बदललंस की धरून ओढतस?" त्याने विचारलं. "सुकाणू कसो बदलतत? पयल्याचो हात खंय आसा ता बघूचा, थंयच आपलो हात नेवन टेकवूचो. मगे तो सोडतलो. बोटीक कळता नये, माणूस बदललो ता."

"नॉबाक डोळे आसत काय बाबा, हात खंय आसा ता बघूक?" ती हसत म्हणाली, आणि सुई धरलेला हात तसाच थांबला.

डोळे होते. तिनेच फोडले होते. कंट्रोलर घरी आणला तेव्हा नॉब फिरवला तरी सुरुवातीला काहीच व्हायचं नाही, पुढे कुठेतरी गेल्यावर आवाज हलायचा. माल सडका निघाला म्हणून ती विकणाऱ्याला चार शिव्या देऊन मोकळी झाली, आणि सेटिंगमध्ये शोधून 'पिकअप' नावाची ती भानगड सगळीकडे बंद करून टाकली. नॉब मेलेला नव्हता. तो आवाज जिथे आहे तिथपर्यंत गुपचूप चालत जायचा आणि मगच हात घालायचा.

"बाबा, जाळा तुमी बघा!" म्हणत ती वाळूतून धावत सुटली.

दुपारभर ती लॅपटॉपसमोर होती. एकेक वाद्य उघडायचं, एकेक नॉब, पिकअप चालू, वाजवून बघायचं, पुढचा. भात झाकणाखाली निवला. सासू दारातून म्हणाली, "गो बाय, पोटाक पण जोडणी लागता."

संध्याकाळी सनईवरून बेंजो, बेंजोवरून ट्रम्पेट, परत सनई. कुठे धक्का नाही, किंकाळी नाही. मंगेशचा ढोल आपोआप जोरात वाजायला लागला. गाणं संपलं. त्याने खिशातून फोन काढून डीजेचा नंबर तेवढा तिच्यासमोर पुसला.

पुनवेला मिरवणूक निघायच्या आधी गाऱ्हाणं घालायला गुणाजी तांडेल पार्टीच्या टेम्पोसमोर उभा राहिला. हातात सोनेरी कागदाचा नारळ.

"बा दर्याराजा, होडयेक बरकत दी, जाळ्याक मासो दी."

"व्हय महाराजा!" वाडी ओरडली.

"आणि ह्या माझ्या चेडवान जा काय नवीन केल्यान हा, तेच्यात तेका येस दी रे महाराजा!"

हे कधी गाऱ्हाण्यात नसायचं. क्षणभर सगळे बावचळले. मग टेम्पोवरून मंगेशने सगळ्यांच्या आधी हाळी दिली, "व्हय महाराजा!" आणि वाडीने तो सूर उचलला.

मिरवणूक किनाऱ्याला लागेपर्यंत तेजस्वीने नॉबांकडे पाहिलंच नाही. बोटं जाऊन टेकत होती, आवाज हातात येत होता. वळणावर तिने एकटीने सनईतून बेंजोत उडी घेतली, तेव्हा घराघरातून बायका बाहेर आल्या, आणि एक म्हातारी म्हणाली, "गणपत इलो वाटता परत!" तेजस्वीने ओरडून सांगितलं, "गणपत नाय गो आये, मी!" पदर वाऱ्यावर, मान ताठ.

गुणाजी नारळ घेऊन पाण्यात उतरला, तो मागे वळून तिच्याकडे बघत बघतच. लाटेने त्याचं धोतर भिजलं तरी त्याला कळलं नाही.

पहाटे पहिल्या होड्या आल्या. तेजस्वी कमरेला पदर खोचून वाळूत उकिडवी बसली आणि बांगडे एका पाटीत, तारली दुसऱ्या पाटीत निवडू लागली.