कलकत्त्याच्या पोटात रेल्वे नेणारे खंदारे साहेब

मंठ्याचे किसनराव खंदारे साहेब पंच्याहत्तर वर्षांचे झाले, यावर त्यांना ओळखणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. माझी त्यांची ओळख सत्तरच्या दशकात नवीन जालन्यात, आमच्या कापड दुकानात झाली. ते कलकत्त्याला रेल्वेत इंजिनिअर होते, रजेवर आले होते आणि आईसाठी लुगडे पाहत होते. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन दुकानात बसलो होतो. बोलता बोलता त्यांना ते कळले.

"मंग इथं कापड काय मोजून राह्यले?" ते म्हणाले. "आमच्याकडं या. देशातली पहिली भुयारी रेल्वे बांधून राह्यलो आम्ही."

वडील तयार झाले, पण आई ऐकेना. पोरगा जमिनीत गाडला गेला तर? दुसऱ्या दिवशी साहेब तिला समजवायला स्वतः घरी आले. आमचे घर जुन्या वळणाचे मारवाडी जैन, साहेब बौद्ध कुटुंबातले. आईने त्यांना ओसरीवरच बसवले. त्यांना ते लागले असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिले नाही. "बाई, पोराची काळजी करू नका. मी हाये तिथं," एवढेच म्हणाले. मी त्यांच्यासोबत गेलो.

दाट वस्तीतला रस्ता उकरून खोल खंदक करायचा, त्यात बोगदा बांधायचा आणि वरून रस्ता पुन्हा खुला करायचा, असे आमचे काम होते. घरे इतकी जवळ, की काठावर उभे राहिले तर गॅलरीत वाळत घातलेली धोतरे हाताला लागत. भिंतींच्या जुन्या तड्यांवर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवत असू. पट्टी फुटली म्हणजे भिंत हलली. धूळ, आवाज आणि तुटलेली गिऱ्हाइके यांमुळे वस्ती आमच्यावर चिडलेली होती.

एका सकाळी एका तीन मजली घरावरच्या पट्ट्या फुटलेल्या दिसल्या. साहेबांनी खंदकात उतरून माती हातात घेतली. ती ओली होती. कुठेतरी जुनी पाण्याची वाहिनी झिरपत होती आणि घराखालची माती खंदकात सरकत होती.

ते मला म्हणाले, "सुभाषशेठ, काम बिलकुल बंद. वाळूच्या गाड्या बोलवा. खंदक भरायचा."

"साहेब, इतक्या महिन्यांची खोदाई जाईल."

"खोदाई पुन्हा करता येते. जल्दी करा."

फोनवर वरिष्ठांनी परवानगीशिवाय भराव टाकू नका म्हणून बजावले. "आधी घर रिकामं करतो, मग बोलू," असे म्हणून साहेबांनी फोन ठेवला, मला भराव चालूच ठेवायला सांगितले आणि ते जिना चढले. एकेक बिऱ्हाड खाली उतरले. वरच्या मजल्यावरच्या एका वृद्ध विधवा आजींनी मात्र आतून कडी लावली.

"तुम्हाला रेल्वेसाठी माझी जागा हवी आहे," त्या आतून हिंदीत ओरडल्या.

साहेब उंबऱ्याशी बसले. "आजी, तुम्ही निघेपर्यंत मीही इथून हलणार नाही. भिंत पडली तर दोघांवर पडेल."

मी खालून जिन्याकडे बघत होतो. मागे खंदकात वाळू पडत होती. अखेर कडी वाजली. देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन आजी बाहेर आल्या. साहेबांनी त्यांना हाताला धरून उतरवले.

दुपारी जिन्याकडची भिंत कोसळली. आत कोणी नव्हते. भराव वेळेत पडल्याने बाकीचे घर वाचले. चौकशी झाली, तेव्हा आमच्या नावाने बोटे मोडणारे दुकानदारच साहेबांच्या बाजूने बोलायला आले. निर्णय योग्य ठरला. घर दुरुस्त होईपर्यंत आजी साहेबांच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. पुढे तिथेच पुन्हा खोदून आम्ही बोगदा पूर्ण केला आणि त्यातून गाडी धावली.

भिंत कोसळल्यानंतर काही महिन्यांनी माझी आई मला भेटायला कलकत्त्याला आली. तोवर आपल्या घरी परतलेल्या आजींनी तिला मोडक्या हिंदीत सारे सांगितले. त्याच दिवशी आई साहेबांच्या घरी गेली आणि त्यांच्या पत्नी कमलताईंना म्हणाली, "मला तुमच्या हातची भाकर वाढा."  साहेबांनी आईसाठी आपल्या शेजारी पाट मांडला.

आज आपल्या भागातली मुलेमुली पुण्या-नागपूरच्या मेट्रोवर कामाला जातात. निघण्याआधी ती साहेबांना भेटतात. साहेब त्यांना चहा पाजतात, खोदून खोदून प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकले की चांगले रागावतातही. साहेबांची प्रकृती ठणठणीत राहो, कमलताईंची सोबत अशीच लाभो आणि शंभरीच्या सत्कारातही, मांडवाच्या व्यवस्थेत आमचे काय चुकले, ते आम्हा सर्वांना त्यांच्याच खणखणीत आवाजात ऐकायला मिळो.