भानुदासच्या न्हाणीतला दगड

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं ते टेबलावर पालथं ठेवलं आणि तो निघून गेला. दोनच ओळी होत्या. भानुदास सोमवारी सकाळी न्हाणीत गेला, वहिनींना धीर द्यायला या. ‘न्हाणीत गेला’ हे शब्द मी तीनदा वाचले. अंघोळीला गेला, की कायमचा गेला... दोन्ही अर्थ खरे होते, हे मला लोहाऱ्याला एसटीतून उतरून, अडीच कोस चालून त्याच्या गावी पोचल्यावर कळलं. अंघोळीच्या दगडावर बसल्या बसल्याच त्याचा जीव गेला होता. गावात शिरताना जो पहिला माणूस भेटला, तो ‘वाईट झालं’ असं म्हणाला नाही. डोक्याचा पटका सारखा करत तो एवढंच बोलला, “खाल्लं बगा शेवटी दगडानं.”

त्याला महिना उलटून गेला. या दगडाविषयी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याच्याशिवाय भानुदासविषयी काही लिहिताच येत नाही.

उस्मानाबादच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसून अलिफ-बे गिरवलं. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, पुस्तकं बदलली, आम्ही मोठेपणी पुन्हा मराठीतून गणितं शिकलो. मी पुढं शिकून विज्ञानाचा मास्तर झालो. भानुदासच्या घरी वडील नव्हते, आई आणि धाकटी बहीण गंगू. तो मॅट्रिकवर थांबला. विलीनीकरणाला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारी तुकडीत त्याला काम लागलं. ज्या धातूतून अणूची शक्ती निघते, त्याचा शोध देशभर चालला होता. आमच्याकडं सगळा काळा दगड, त्यात काही सापडणार नाही असं खुद्द तुकडीचे साहेबच म्हणत. पण नकाशावर जागा कोरी ठेवायची नाही म्हणून ते फिरत होते. साहेब दक्षिणेकडचे, मोडकं हिंदी बोलणारे, फार सज्जन. भानुदासच्या खांद्यावर एक पेटी, हातात वायरीला जोडलेली नळी आणि कानांवर ऐकायचे दोन डबे. दर शंभर पावलांवर थांबायचं, ऐकायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. गावोगाव लोक त्याला ‘टिकटिक्या’ म्हणू लागले. त्याला ते आवडायचं. उंच, सडपातळ, कायम हसणारा माणूस. पेटी घेऊन चालताना नवरदेवासारखा दिसायचा.

एका हिवाळ्याच्या सुरुवातीला येरमाळ्याजवळ त्यांचा तंबू होता तेव्हा मी त्याला भेटायला गेलो होतो. त्यानं ते डबे माझ्या कानांवर चढवले. टक्... बराच वेळ काही नाही... टक् टक्... पुन्हा शांत. मी विज्ञान शिकवणारा माणूस, जमिनीतून, आभाळातून हे किरण सदाच येत असतात, हे मला ठाऊक होतं. तरी पाठीवर काटा आला. पागोळ्यांच्या थेंबांना ताल असतो, घड्याळाला असतो. याला नव्हता. कुणीतरी दाराबाहेर उभं राहून, वाजवू का नको अशा विचारात अधूनमधून कडीला हात लावावा, तसं ते होतं. भानुदास माझ्या चेहऱ्याकडं बघून खूश झाला. “सगळीकडं हायच रं हे मास्तर,” तो म्हणाला, “आपल्याला ऐकू येत न्हाय इतकंच.”

त्याच हिवाळ्यात तुकडी त्याच्या स्वतःच्या गावात आली. गावाला एक जुनी बारव आहे, तिला उतरायला पायऱ्या. सगळ्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, एक सोडून. घागर टेकवायची जी पायरी, ती तांबूस, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची. कधीकाळी कुणीतरी कर्नाटकातून गाडीवर आणून बसवलेली. भर दुपारची वेळ, बारवेत पाच-सहा बाया. नळी त्या पायरीजवळ गेली आणि टिकटिक दुप्पट झाली. गंगू दिवाळीला माहेरी आली होती, तीही पाणी भरत होती. भानुदासनं हौसेनं डबे तिच्या कानांवर ठेवले.

“दादा, आत कोण बोलतंय रं?”

“अणू बोलतोय,” तो म्हणाला. “म्हणतोय, गंगूच्या घागरीत काय हाय?”

बाया हसल्या. मग त्यांनीही एकेक करून ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर जी ती बाई दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली. शेवटी त्या पायरीवर एकटी गंगू आणि तिची घागर उरली. भानुदास सांगायचा, तेव्हा बारवेत इतकं शांत झालं, की कानांवरून काढून ठेवलेल्या डब्यांतली टिकटिक सगळ्यांना ऐकू येत होती. साहेबांनी वहीत लिहिलं आणि ते हसले. “ग्रॅनाइट है,” ते म्हणाले, “थोडा ज्यादा बोलता है. हमारा पूरा घर इसी पत्थर का है.” पण ते हिंदी त्या बायांपर्यंत पोचलं नाही. तुकडी पुढं गेली आणि गाव त्या दगडापाशी मागं राहिलं.

मग कुणीतरी चावडीवर जुनं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, त्यात जपानातल्या बाँबची हकिगत होती. दगड बाँबचा ठरला. म्हशीचं दूध आटलं, ते त्याच्यामुळं. एका पोराच्या अंगावर पुरळ आलं, तेही त्याच्यामुळं. फाल्गुनापर्यंत बारवेवर जाणं बंद झालं. गरोदर बाईनं तर तिच्या दिशेनं बघायचंसुद्धा नाही, असं ठरलं. बाया ओढ्यात झिरे खणून पाणी आणू लागल्या, जिथं गुरंही उतरायची. वैशाखात गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. आठच दिवसांत गावात पटकी शिरली. गंगूला बैलगाडीत घालून लोहाऱ्याच्या दवाखान्याकडं नेलं, पण गाडी निम्म्या वाटेतून परत फिरली. भानुदास तेव्हा तुकडीबरोबर लांब होता. निरोप पोचून तो आला, तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

त्यानंतर त्यानं जे केलं ते गावानं दारांच्या आडून पाहिलं. भर उन्हात पहार घेऊन तो एकटा बारवेत उतरला आणि त्यानं ती पायरी उचकटून काढली. गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं. पहारीनं उलथत, एकेक हात सरकवत त्यानं ती घरापर्यंत नेली; त्याला दोन दिवस लागले. वाटेवरची दारं तो यायच्या आधी लागायची आणि गेल्यावर उघडायची. दगड त्यानं आपल्या न्हाणीत बसवला. चौथ्या दिवशी बारवेवर पुन्हा घागरी दिसू लागल्या.

मी त्याच्यावर चिडलो होतो. “तू दगड काढलास म्हणजे त्यात काहीतरी होतं, हे तूच कबूल केलंस,” मी म्हणालो.

“बाया पाणी तर भरायला लागल्या ना?” तो म्हणाला. “आता मी रोज त्याच्यावर बसून अंघोळ करतो. मला काही झालं न्हाय, की लोकांना आपोआप कळंल. बारवेत एकदा मी थट्टेनं बोललो अन् ते खरं झालं. आता बोलून भागायचं न्हाय, मास्तर.”

त्यानं तुकडीचं काम सोडलं. वडिलांची थोडी जमीन होती ती कसू लागला. लग्न झालं, सुभद्रा वहिनी साध्या, खंबीर बाई. पुढची दहा-बारा वर्षं सगळं गाव भानुदासच्या अंगाकडं बघत राहिलं. हे वाचणाऱ्याला गंमत वाटेल, पण त्या गावात राहून पाहावं... पारावर तो येऊन बसला की बोलणं थांबायचं नाही, सगळ्यांच्या नजरा मात्र त्याच्या हातांवर, नखांवर फिरायच्या. न्हावी त्याचे कापलेले केस मुठीत घेऊन उजेडात धरायचा. त्याला मूल झालं नाही, त्याचा अर्थ लावला गेला. तो खोकला तर चार घरं पलीकडं कळायचं. म्हणून तो खोकेनासाच झाला. ताप आला तरी शेतावर जायचा, दाढ दुखली तरी सुपारी फोडून खायचा. एकदा साहेबांचं पत्र आलं होतं, समुद्रकाठी अणूपासून वीज करायचं मोठं केंद्र उभं राहतंय, येतोस का म्हणून. ते पत्र त्यानं मला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. मग घडी घालत तो म्हणाला, “गेलो तर म्हणतील, दगडाला भिऊन पळाला.”

मी त्याला शेवटचा भेटलो तो यंदाच्या संक्रांतीला. जेवणं झाली, वहिनी आत होत्या. तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “अलीकडं मला ते ऐकू येतं.”

“काय?”

“टिकटिक. दगडावर बसलो की जास्त. कानात बोटं घातली तरी येतं.”

मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, अरे, तुझी स्वतःची नाडी असेल.

“नाडीला ताल असतो, मास्तर,” तो म्हणाला. “याला ताल न्हाय.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला... आणि तो आला याची मला लाज वाटली, म्हणून मी विषय बदलला. शेताचं विचारलं, ज्वारीचं विचारलं. त्यानंही मुकाट्यानं उत्तरं दिली. डॉक्टरकडं चल, एवढं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो असतो तरी तो आला असता का, कुणास ठाऊक. तो दवाखान्याची पायरी चढला असता, तर संध्याकाळपर्यंत दगडाचं नाव झालं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो गेल्यावर मी लोहाऱ्याच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, हृदयच. ठोके चुकत असणार बरेच दिवसांपासून. मधेच दोन लागोपाठ, मधेच एखादा नाहीच, असं. “पेशंटला जाणवतं ते. कानातसुद्धा वाजतं. कधी बोलले नाहीत का कुणाजवळ?”

गावात हे सांगायचा मी प्रयत्न केला. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं. “व्हय, व्हय,” म्हणाले, “काळीजच खाल्लं म्हना की त्यानं.” चौघं वडीलधारे वहिनींकडं आले, दगड काढून ओढ्यापलीकडं पुरतो म्हणाले. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. “त्यो हितंच ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी जन्म घातला त्याच्यापायी. म्या बी त्याच्यावरच धुनं धुते, मला काय झालंय?” चौघं परत गेले, पण जाताना प्रत्येकानं त्यांच्या हातांकडं एकदा बघितलं. ते मी पाहिलं, आणि वहिनींनीही पाहिलं.

मी दोन दिवस राहिलो. निघायच्या सकाळी वहिनींनी पाणी तापवलं, बादली न्हाणीत नेऊन ठेवली आणि मला म्हणाल्या, “भावजी, अंघोळ करून घ्या.” मी आत गेलो, दार लोटलं. न्हाणी लहान, वरच्या झरोक्यातून एक पट्टा उन्हाचा, तो नेमका दगडावर. बसून बसून मधोमध तो गुळगुळीत झाला होता, कडेचे तांबूस ठिपके तेवढे चकाकत होते. बाहेर कोंबड्यांचा, भांड्यांचा आवाज होता, तो हळूहळू मला ऐकू येईनासा झाला. चौदा वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवतोय. या दगडात भिण्यासारखं काही नाही, असं मी भानुदासला कितीदा लिहिलं होतं... मी भिंतीला टेकून, उभ्यानंच, चार तांबे अंगावर घेतले आणि उरलेलं पाणी पायाशी जपून ओतलं.

कपडे घालून बाहेर आलो. वहिनी बादली उचलायला आत गेल्या. क्षणभर त्यांची काही चाहूल लागली नाही. मग त्या बाहेर आल्या, माझ्याकडं न बघता त्यांनी चहाची कपबशी माझ्यापुढं ठेवली. दगड कोरडाच होता.